चौसष्ट नंबरचा गडी

अमेरिकन फुटबॉलमधले मला ओ की ठो कळत नाही. तरी परवा पुतण्याने एका जुन्या सामन्याची फिल्म लावली आणि मी तिच्यात गुंतलो. ३१ डिसेंबर १९६७. ग्रीन बे गावी थंडी शून्याखाली २५ अंश. अवघी १६ सेकंदे उरलेली. पॅकर्सच्या बार्ट स्टारने चेंडू घेऊन गोलरेषेपार झेप टाकली, आणि डॅलसचा संघ २१-१७ असा हरला. मी टाळी वाजविली.

"काका, चेंडू सोडा. चौसष्ट नंबर पाहा."

पुन्हा पाहिले. जेरी क्रेमर! सोबत्याच्या जोडीने समोरच्या धिप्पाड गड्याला रेटून त्याने स्टारला वाट करून दिली होती. १९५८ पासून अकरा हंगाम त्याचे मुख्य काम हेच. हॉल ऑफ फेमचा मान मिळाला तो २०१८ साली, वयाच्या ८२ व्या वर्षी.

मी पुतण्याकडे पाहिले. अगदी दादाचे खांदे! भिंतीवरच्या पदवीवर नाव माझे आहे. तिच्यासाठी शाळा सोडून पोती उचलली दादाने. मानासाठी तो थांबला मात्र नाही.

यंदाची पहिली पणती मी त्याच्या तसबिरीपुढे लावली.