सहभागिता आणि आपलं वात्सल्य अंग



सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांपैकी सहावं स्थितीकरण आणि सातवं वात्सल्य. डळमळलेल्या साधर्मीला सावरायचं आणि साधर्मीवर निष्कपट प्रेम करायचं. ख्रिस्ती लोकांत याच्या जवळचा एक शब्द आहे, ‘सहभागिता’. मिरजेत १८९४ साली डॉ. वानलेस यांनी मिशनचं हॉस्पिटल सुरू केलं, त्यामुळे इथे ख्रिस्ती शेजार नवा नाही. आमच्या शेजारच्या ताईंकडून मी हा शब्द ऐकला आणि त्यांच्याच बायबलमधलं ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक वाचलं.

यरुशलेममधले पहिले विश्वासणारे चार गोष्टी नेमाने करत: शिकवण ऐकणं, सहभागिता, भाकर मोडणं आणि प्रार्थना. सहभागितेचा मूळ ग्रीक शब्द ‘कोइनोनिया’, म्हणजे काहीतरी सामाईक असणं. त्यांच्या मते हे नातं आधी ख्रिस्ताशी आणि त्याच्यामुळे एकमेकांशी. आपला मार्ग वेगळा आहे. पण व्यवहारात ते काय करत, हे समजून घेण्यासारखं आहे.

ते जमीनजुमला विकून ज्याला जशी गरज तसं वाटून देत. तरीही चूक झालीच. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवा राहून जाऊ लागल्या आणि कुरकूर सुरू झाली. प्रेषितांनी ती दडपली नाही. सगळ्यांना बोलावलं आणि या कामासाठी सात माणसं निवडायला सांगितली. त्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार, बहुधा त्यांच्याच माणसांच्या हाती कारभार दिला.

करिंथ गावात वेगळीच अडचण. तिथे एकत्र भोजनात काहीजण आधीच पोटभर जेवत आणि गरीब उपाशी राहत. पौलाने पत्रातून त्यांना चांगलंच सुनावलं, याला प्रभुभोजन म्हणत नाहीत, एकमेकांसाठी थांबा. मी बी.कॉम., त्यामुळे त्याची आणखी एक गोष्ट मला फार पटली. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा करताना त्याने दर आठवड्याला आपापल्या मिळकतीप्रमाणे बाजूला ठेवायला सांगितलं, आणि कोणी बोट दाखवू नये म्हणून रक्कम पोचवताना बरोबर इतरांनी नेमलेली माणसं घेतली.

आता आपल्याकडे पाहू. आमच्या स्वाध्याय मंडळात दर महिन्याला एकीच्या घरी बैठक असते. पूर्वी पोहे आणि चहा असायचा. हळूहळू दोन गोड पदार्थ आले, मग प्रत्येकीला भेटवस्तू. एका भगिनीच्या घरचं दुकान बंद पडलं. तिची पाळी जवळ आली आणि तिने येणंच सोडलं. सगळ्या म्हणतात, तिला वेळ नसेल. वेळ आहे, सकाळी देवळात दर्शनाला ती रोज येते. आपल्या थाटाने तिचं दार बंद केलं आहे.

साधर्मी म्हणून एका पंगतीला बसलो की वात्सल्य झालं, असं आपण धरून चालतो. पंगतीत कोण नाही, हे बघणं त्याहून मोठं काम आहे.

म्हणून मंडळापुढे मी तीन गोष्टी ठेवणार आहे. अल्पोपाहार फक्त एक पदार्थ आणि चहा, भेटवस्तू बंद. प्रत्येकीने जमेल तेवढी रक्कम बंद डब्यात टाकायची, हिशेब दोघींनी मिळून ठेवायचा, मदत कोणाला गेली हे जाहीर करायचं नाही. आणि लागोपाठ दोनदा न आलेल्या भगिनीच्या घरी दोघींनी जायचं, कारण न विचारता, नुसतं बसायला.

दशलक्षण पर्व सुरू व्हायच्या आत हे ठरावं. क्षमावाणीच्या दिवशी तिच्यापुढे हात जोडण्याआधी ती आपल्यात परत बसलेली असावी.