शेतीचा हिशेब मुलांना कोण शिकवणार?

शेतीचे अर्थशास्त्र हा विद्वानांचा विषय, आपला काय संबंध, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते. वास्तविक हा विषय आपल्या घरातलाच आहे. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले, तेव्हा प्राथमिक शाळेत शेतीचे थोडे ज्ञान द्यावे अशी मागणी केली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्याच वर्षी भारतातील लहान शेतजमिनींवरचा त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. शेती परवडते की नाही हे नुसत्या एकरांवर ठरत नाही, तिला भांडवल, अवजारे व श्रम यांची जोड किती मिळते यावर ठरते. आणि शेतीवरचा माणसांचा भार उद्योगधंदे वाढवूनच हलका होईल, असे त्यांनी मांडले.

पुढे १९३९ साली मुंबईत भारतीय कृषी अर्थशास्त्र संस्था निघाली. सर मणिलाल नानावटी तिचे अध्यक्ष होते. १९४६ पासून तिचे संशोधनपर नियतकालिक निघते. काम मोठे आहे. पण अशा संस्थांनी शोधनिबंधांइतकाच मान वर्गातल्या शिकवण्याला द्यावा, असे माझ्यासारख्या बी. कॉम. झालेल्या कारकुनाला वाटते. अमेरिकेतील कृषी अर्थशास्त्रज्ञांच्या संघटनेत अध्यापन-अध्ययनासाठी वेगळा विभागच आहे.

हे सुचण्याचे कारण सांगतो. शेवगावात संध्याकाळी मी वस्तीतल्या मुलांचा अभ्यास घेतो. ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापाची एक मुलगी घटत्या उत्पादनाचा नियम घडाघडा म्हणून दाखवी. मी विचारले, "तुझ्या घरच्या कोयत्याने मुकादमाकडून उचल किती घेतली? किती टन तोडल्यावर ती फिटेल?" ती म्हणाली, "काका, हे परीक्षेत येत नाही." दोष तिचा नव्हे, शिकवण्याचा आहे.

मग आम्ही फळ्यावर हिशेब मांडला. समजा, एकरभर कपाशीला बी, खत, औषध व मजुरी मिळून २० हजार रुपये गेले. हा 'ए-२' खर्च. घरच्या माणसांच्या श्रमाचे ८ हजार धरले की तो २८ हजार होतो. स्वतःच्या जमिनीचा खंड व भांडवलाचे व्याज ७ हजार मिळवले की ३५ हजार, म्हणजे 'सी-२'. २०१८ साली केंद्र सरकारने हमीभाव दीडपट जाहीर केला तो २८ हजारांसारख्या आकड्यावर. शेतकरी संघटना मागतात ३५ हजारांवर. आईच्या खुरपणीलाही किंमत असते, हे त्या फळ्यावर मुलांनी प्रथम पाहिले. भूमिहीन घरच्या मुलाला आपली मजुरी कोणत्या रकान्यात बसते तेही कळले.

राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ आपल्याच जिल्ह्यात आहे. तेथे व कॉलेजांत शिकणाऱ्या आपल्या मुला-मुलींनी सुट्टीत वस्तीत असा एक तरी वर्ग घ्यावा. प्राध्यापकांनी आपल्या संस्थांच्या अधिवेशनात शिकवण्यावर चर्चा मागावी. आणि पालकांनी मुकादमाच्या वहीतला हिशेब मुलांकडून उतरवून, तपासून घ्यावा. ज्याला हिशेब येतो त्याला फसवणे अवघड जाते.