बरवक्त

रमजान ईदला थोरला पुण्याहून आला. शीरखुर्म्याची वाटी हातात, आणि विचारतो काय, “अब्बा, त्या दिवशी पुढचा ब्रेक आधी दाबलात की मागचा?”

आम्ही सगळी गप्प. नऊ वर्षं झाली, त्या दिवसाचं नाव आमच्या घरात कोणी काढत नाही. उसाच्या ट्रॉल्यांमागून घरी येताना त्याच्या अब्बांची मोटरसायकल घसरली आणि पाय मोडला. तेव्हापासून ते एसटीनंच जातात.

थोरल्याची नोकरी गाड्यांच्या चाचणीची. ‘गाड्या चालवून बघतो’ असं आम्ही नातेवाइकांना सांगत आलो. प्रत्यक्षात त्याच्यापुढे गाडी नसतेच! असतो तो फक्त ब्रेकचा इलेक्ट्रॉनिक डबा, एबीएसचा मेंदू म्हणा. तेवढा खरा. बाकी गाडी, चाकं, रस्ता, सगळं कॉम्प्युटरात. पुढचं चाक आत्ता किती वेगानं फिरतंय ते कॉम्प्युटर वायरीतून कळवतो. डबा ते खरं मानून ब्रेकला हुकूम सोडतो. त्या हुकमानं चाक किती मंदावलं, याचा हिशेब करून कॉम्प्युटर पुन्हा कळवतो. अशी देवाणघेवाण सेकंदाला हजार वेळा. एखादी फेरी हुकली की डबा जुन्याच आकड्यावर हुकूम सोडणार, म्हणजे चाचणी वाया.

आम्हा शिक्षकांना हे समजायला अवघड नाही. घंटा झाल्यावर लिहिलेलं उत्तर बरोबर असलं तरी गुण नाहीत. ज्याला ते लोक ‘रिअल टाइम’ म्हणतात, त्याला आमच्या उर्दूत ‘बरवक्त’ हा नेमका शब्द आहे. ताशी ७२ किलोमीटरनं धावणारी गाडी सेकंदाला २० मीटर जाते. हुकमाला सेकंदाचा विसावा हिस्सा उशीर झाला, तर गाडी मीटरभर पुढे गेलेली असते.

“मग भाईजान, मोठा कॉम्प्युटर घ्या ना,” धाकटी म्हणाली.

पण खरी अडचण टायरची. रस्त्याला टायरचा तळहाताएवढाच भाग टेकतो, आणि सगळा भरवसा त्याच्यावर. टायरचा एकेक थर, एकेक खाच धरून हिशेब मांडला, तर एका सेकंदाच्या हालचालीला तासन् तास लागतात. म्हणून नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या हान्स पासेका यांच्या नावानं ओळखलं जाणारं एक आटोपशीर सूत्र वापरतात. त्याला ‘मॅजिक फॉर्म्युला’ म्हणतात, पण जादू कसली, टायर मोजून आलेल्या आकड्यांवर ते बसवलेलं असतं. जे मोजलं नाही ते त्याला ठाऊक नाही. थोरल्याकडे कोरड्या डांबराचे आकडे आहेत, ओल्या डांबराचेही आहेत. उसाचं पाचट आणि ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेली काळी माती मिळून आमच्या रस्त्यावर जो राडा होतो, त्याचे नाहीत.

अब्बांनी वाटी खाली ठेवली. “पुढचा. आणि जोरात. डांबर कोरडं होतं रे. वळणावर एकदम राडा आला.”

इतक्या वर्षांत हे आम्ही पहिल्यांदा ऐकलं.

आमच्या गाडीला एबीएस नव्हतं. १२५ सीसीवरच्या सगळ्या नव्या दुचाकींना ते एप्रिल २०१९पासून सक्तीचं झालं. पण कोरड्यावरून निसरड्यावर जाताना पकड क्षणात सुटते, तेव्हा डबा वेळेत सावरतो का, हे त्याला खऱ्या राड्यावर गाडी नेऊन बघायचंय. वरिष्ठ म्हणतात, तारीख जवळ आली, कॉम्प्युटरचा अहवाल पुरे. थोरला त्यांना १९९७ची गोष्ट सांगून आलाय. मर्सिडीजची नवीकोरी ए-क्लास स्वीडनमधल्या एका मासिकाच्या चाचणीत, समोर अचानक जनावर आलं तर वळवावी तशी वळवताना उलटली. कंपनीला गाड्या परत बोलावून स्थिरतेची यंत्रणा बसवावी लागली. नोकरीला दोनच वर्षं झालेल्या पोरानं वरिष्ठांना असले दाखले द्यावेत का, यावर आम्हा मायलेकींचं रात्री बरंच वाजलं. ती भावाच्या बाजूनं. आम्हाला घरभाड्याची काळजी.

बासी ईदला बापलेक शेजाऱ्यांच्या स्कूटरवरून त्या वळणाकडे गेले. वळणाआधी अब्बा उतरले, चालत पुढे झाले आणि हातानं दाखवलं, इथून तिथपर्यंत. थोरल्यानं पावलं टाकून मोजलं, नऊ भरली. पुण्याला पोचताच त्यानं लेखी अर्ज दिलाय, त्यात ती नऊ पावलंही आहेत. उत्तर अजून आलेलं नाही.