मास्तर नसलेली परीक्षा

जर्मनीत एम.एस. करत असताना एका सत्रासाठी मला अमेरिकेत जायची संधी मिळाली. एक्स्चेंज स्टुडंट म्हणून, म्हणजे दोन विद्यापीठांच्या करारातून आपली मुलं तिकडे आणि त्यांची इकडे. आपल्याकडे पाव्हण्याच्या मुलाला शिकायला ठेवून घ्यायचे तसाच प्रकार, फक्त कागदपत्रं जास्त. मी गेलो मिशिगन विद्यापीठात, ॲन आर्बरला. जानेवारी २०१४.

आधी पैशांचं सांगतो, कारण घरी पहिला प्रश्न तोच आला होता. तिथे बाहेरून आलेल्या विद्यार्थ्याची एका सत्राची फी तेव्हा वीस हजार डॉलरच्या घरात होती. एक्स्चेंजवाल्याला ती भरावी लागत नाही, तो आपल्या मूळ विद्यापीठाचीच फी भरतो. जर्मनीत फी जवळजवळ नव्हतीच. म्हणजे वीस हजार डॉलरचं शिक्षण मला विमान, भाडं, जेवण आणि सक्तीचा आरोग्यविमा एवढ्यात पडलं. व्हिसासुद्धा वेगळा. नेहमीच्या विद्यार्थ्यांचा एफ-१, आमचा जे-१. बाबांना हे सगळं फोनवर समजावल्यावर ते म्हणाले, "म्हणजे लग्नात जेवून यायचं, आहेर नाही करायचा!"

डेट्रॉईटच्या विमानतळावरून ॲन आर्बर तासाभराच्या आत येतं. गाव लहान आणि विद्यापीठ मोठं, इतकं की फुटबॉलच्या स्टेडियममध्ये एक लाखाच्या वर माणसं बसतात. आमच्या तालुक्याचं अख्खं गाव त्यात बसवलं तरी अर्ध्या खुर्च्या रिकाम्या राहतील. इंजिनिअरिंगवाल्यांचा मुक्काम मात्र गावाबाहेर, नॉर्थ कॅम्पसवर. तिथून मुख्य कॅम्पसला फुकटच्या निळ्या बशी जातात. त्या वर्षीची थंडी काही विचारू नका. २८ जानेवारीला विद्यापीठाने थंडीमुळे चक्क सुट्टी दिली, आणि अशी सुट्टी १९७८ नंतर पहिल्यांदाच मिळाली होती म्हणे. मी नॉर्थवूडच्या खोलीत दोन स्वेटर घालून वरण-भात खात बसलो होतो.

अभ्यासाची पद्धत जर्मनीच्या अगदी उलटी. तिकडे सत्रभर कोणी विचारत नाही, आणि शेवटी एकच परीक्षा तुमचा काय तो निकाल लावते. ॲन आर्बरला दर आठवड्याला गृहपाठ, मधे दोन मिडटर्म, शेवटी फायनल. एका पेपराला पंचवीस टक्के वजन. आपल्या बोर्डाच्या परीक्षेत वाढलेल्या माझ्यासारख्याला आधी ही किरकिर वाटली. तिचा अर्थ नंतर लागला.

पहिल्या मिडटर्मच्या आदल्या दिवशी काही कामासाठी मुख्य कॅम्पसवर गेलो होतो. तिथल्या 'डायॅग' नावाच्या चौकात जमिनीत पितळेचं मोठं 'एम' अक्षर बसवलंय. पहिल्या परीक्षेआधी त्यावर पाय पडला तर त्या परीक्षेत नापास होतो, अशी तिथली समजूत. मी अंतराळयानं बनवणाऱ्यांच्या देशात आहे हे विसरून वळसा घालून गेलो. दही-साखर खाऊन परीक्षेला गेलेल्या माणसाला यात काही नवल वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पेपर. प्राध्यापकांनी प्रश्नपत्रिका आणि निळ्या मुखपृष्ठाच्या वह्या वाटल्या. एक खुर्ची सोडून बसा म्हणाले. मग कोट उचलला, "काही शंका असली तर मी माझ्या खोलीत आहे," असं सांगितलं आणि दार ओढून निघून गेले.

मला वाटलं, पाणी प्यायला गेले असतील.

ते आलेच नाहीत. तिथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात ऑनर कोड आहे, १९१६ पासून. तेव्हा परीक्षेत पहारा नसायचा. पेपर संपल्यावर विद्यार्थ्याने स्वतः लिहून सही करायची: मी या परीक्षेत परवानगी नसलेली मदत दिली नाही, घेतली नाही, आणि कोणी नियम मोडल्याचं लपवलंही नाही. सही नसेल तर पेपर तपासत नाहीत. कोणी नियम मोडल्याचा संशय आला तर प्रकरण ऑनर कौन्सिलकडे जातं, आणि त्यात विद्यार्थी असतात.

हे सगळं पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं. पण ऐकणं वेगळं आणि रिकाम्या टेबलाकडे बघणं वेगळं.

इथे थोडं बाबांबद्दल सांगायला हवं. बाबा हायस्कूलमध्ये गणिताचे शिक्षक. दर मार्चला त्यांची कुठल्या तरी केंद्रावर पर्यवेक्षणाची ड्यूटी लागायची. एका केंद्रावर (नाव नको) खिडकीतून चिठ्ठ्या येत, भिंतीवर नातेवाईक चढलेले असत. एके वर्षी बाबांनी एका मुलाकडून चिठ्ठी घेतली, आणि घरी परतताना त्यांच्या सायकलवर दगड आला. गुडघा फुटला. आईने हळद लावली आणि "पुढल्या वर्षी आजारपणाची रजा टाका," म्हणाली. बाबांनी टाकली नाही. तेव्हा मी सातवीत होतो, आणि माझ्या डोक्यात परीक्षा म्हणजे पहारा हे समीकरण त्या गुडघ्यासकट बसलेलं.

तर तिसरा प्रश्न. वेगवेगळ्या धातूंचे थर चिकटवलेली पट्टी तापवली तर किती आणि कुठे वाकेल? (तुमच्या घरच्या जुन्या इस्त्रीत आपोआप बंद-चालू होणारी पट्टी असते, तीच ही, जरा सजवलेली.) दोन पानं गणित करून मी शेवटी आकृती काढली. पट्टीची टोकं वर, हसऱ्या तोंडासारखी. मान अवघडली म्हणून वर पाहिलं. पुढे तिरक्या बाकावरच्या मुलाने आकृती भली मोठी काढली होती. त्याची पट्टी भुवईसारखी, टोकं खाली.

बघायचं म्हणून बघितलं नव्हतं. पण दिसलं ते दिसलं. आणि दिसल्याबरोबर कळलं की तोच बरोबर आहे. वरचा थर जास्त प्रसरण पावणारा, मग टोकं खालीच जाणार! हे बारावीचं ज्ञान. माझी कुठे तरी अधिक-उण्याची चूक झालेली. शोधली असती तर दोन मिनिटांत सापडली असती. वीस मिनिटं हातात होती. शेवटी मी नेहमीच उत्तर पडताळून बघतो. मग ही चूक मला माझी मला सापडली असती की नाही?

खोडरबर हातात घेऊन मी बसून राहिलो. पर्यवेक्षक असता तर सोपं होतं, कारण मग प्रश्न फक्त पकडले जाण्याचा असतो. इथे पकडणारा कोणीच नव्हता, आणि शेवटच्या पानावर ते वाक्य माझ्याच अक्षरात लिहायचं होतं. शेवटी पट्टी हसरीच ठेवली आणि सही केली. पेपर परत आला तेव्हा त्या प्रश्नाचे सहा गुण गेले होते आणि आकृतीशेजारी लाल शाईत लिहिलं होतं, दिशा तपासा.

रविवारी बाबांना सांगितलं. मला वाटलं होतं, खूश होतील. ते बराच वेळ गप्प.

"ते चित्र दिसलं नसतं तर चूक सापडली असती का तुला?"

"माहीत नाही, बाबा."

"हं." मग म्हणाले, "सहा गुण गेले म्हणून तुझं काय अडलं? आमच्या केंद्रावरच्या पोराचे सहा गेले की त्याचं वर्ष जातं, पोरीचे गेले की तिचं लग्न लावून देतात. तुझ्या त्या मास्तरला म्हणावं, एकदा मार्चमध्ये आमच्याकडे दार लावून जाऊन दाखव."

फोन ठेवल्यावर मला राग आला होता. त्या मुलाची चिठ्ठी याच बाबांनी घेतली होती ना? मग आता त्याची बाजू कसली घेतात? बऱ्याच दिवसांनी कळलं की ते बाजू घेत नव्हते. दगड खाऊनही त्यांना त्या पोराचा हिशोब माहीत होता, एवढंच. दर आठवड्याच्या गृहपाठाची किरकिरही मला तेव्हा कळली. जिथे एका पेपरावर आयुष्य टांगलेलं नसतं, तिथे दार लावून जाणं परवडतं. विश्वास ठेवायलाही ऐपत लागते. आपल्याकडे पुढे २०१० च्या सुमारास नांदेडकडून कॉपीमुक्त अभियान राज्यात गेलं, बैठी पथकं आली. चांगलंच झालं. पण पहारा वाढवला म्हणून पेपराचं ओझं कमी होत नाही.

तिकडे सगळे हरिश्चंद्र आहेत असंही नाही. असते तर ऑनर कौन्सिलला काम उरलं नसतं.

पुढे जर्मनीत परतलो, डॉक्टरेट केली, आता यंत्रांच्या चाचण्या घेणं हाच धंदा आहे. बारा तुकडे मोडून बघायचे आणि ताकद किती ते लिहायचं. गेल्या महिन्यात अकरा आकडे छान एका रेषेत आले आणि एक भलतीकडे. तुकडा नीट बसला नसेल, असं म्हणून तो वगळता आला असता. खरंच बसला नसेलही. संध्याकाळ झालेली, प्रयोगशाळेत मी एकटा. बारावा आकडा तक्त्यात ठेवला, खाली टीप लिहिली, आणि अहवाल आठवडाभर लांबला. साहेब वैतागले.

बाबांना हे सांगितलं नाही. ते विचारतील, बारावा तुकडा खरंच नीट बसला होता का? आणि मला पुन्हा तेच उत्तर द्यावं लागेल.