जुनी पेटी, नवे यंत्र

भंगार हा शब्द जालनेकरांना परका नाही. ‘जालना सोन्याचा पालना’ ही म्हण व्यापारउदिमाच्या भरभराटीतून आली. आज या शहराची ओळख बियाण्यांबरोबरच पोलादाचीही आहे. औद्योगिक वसाहतीतील भट्ट्यांमध्ये मोडक्या यंत्रांचे आणि गंजलेल्या पत्र्यांचे पाणी होते व त्यातून बांधकामाच्या सळ्या निघतात. भट्टीत गेलेल्या वस्तूची पूर्वीची ओळख उरत नाही. आपण नांगराचा फाळ होतो की सायकलची चौकट, हे सळईला सांगता यावयाचे नाही. जुन्याचे नवे करण्याची ही एक रीत झाली. दुसरीही एक रीत आहे. ती आमच्या धर्मग्रामातील एका तरुणामुळे मला जवळून पाहावयास मिळाली.

या तरुणाचे वडील अशाच एका भट्टीवर कामाला होते. १९९९ साली दिवाळीचा बोनस राखून ठेवून त्यांनी नाताळात मुलासाठी टीव्हीला जोडावयाचा व्हिडिओ गेम आणला. जपानमधील निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली ‘फॅमिली कॉम्प्युटर’ नावाचे खेळयंत्र बाजारात आणले होते. मासायुकी उएमुरा हे त्याचे शिल्पकार. त्याच्या नकला पुढे आशियाभर पसरल्या. आपल्याकडे समुराई, लिटल मास्टर अशा नावांची यंत्रे घरोघरी आली. मारिओच्या उड्या, बंदुकीने टिपावयाची बदके, आणि चित्र उमटले नाही की कॅसेट काढून तिच्यात फुंकर घालावयाची, हे सारे त्या पिढीला पाठ आहे. रात्रपाळी संपवून आलेला बाप दुसरे रिमोट हाती घेऊन मुलाशेजारी बसे आणि बहुधा हरत असे.

२०२१ साली महामारीच्या दुसऱ्या लाटेत ते गेले. त्या दिवसांच्या नियमांप्रमाणे मोजक्या माणसांत दफन झाले. पत्नीला मुखदर्शनही लाभले नाही. अशी घरे त्या वर्षी गावोगावी होती, आणि त्यांचे दुःख अजून पुरते बोलून झालेले नाही.

पुढे घर आवरताना माळ्यावर ती पेटी सापडली. यंत्र मृत होते. मुलगा संगणक दुरुस्तीचे काम करतो. त्याने ते उघडले. आतल्या पट्टीवर मुख्य चिपच्या जागी डांबरासारखा काळा, कडक थेंब होता. स्वस्त नकलांत चिप अशीच लिंपून टाकीत. ती बदलता येत नाही. तेव्हा त्याने ठरविले की, पेटी तीच ठेवावयाची आणि आत छोटा संगणक बसवावयाचा.

यासाठी त्याने रास्पबेरी पाय नावाची तळहाताएवढी पाटी आणली. शाळकरी मुलांनी संगणक शिकावा म्हणून ती इंग्लंडमध्ये तयार झाली व २०१२ साली प्रथम विक्रीस आली. पेटीतील प्लास्टिकचे जुने खुंट कापून त्याने जागा केली. चालू-बंद करण्याचे मूळ बटण तसेच राखले. नव्या टीव्हीच्या तारेसाठी मागे खाच पाडली. रिमोटची आठ बटने आपली खबर एकाच तारेवरून एकामागून एक पाठवितात, जपमाळेचे मणी सरकावेत तशी. ती वाचून नव्या पाटीला कळविणारी एक लहानशी जोडणी त्याने केली. सर्वांत अवघड गेला तो उष्मा. मराठवाड्याच्या मे महिन्यात बाहेरच पारा चाळिशी ओलांडतो, त्यात पेटी बंद. पाटीचे तापमान ८० अंशांवर गेले की ती आपला वेग आपणच कमी करते. म्हणून तळाला भोके पाडून आत पंखा बसवावा लागला.

परंतु नव्या यंत्राला जुना खेळ कळतो कसा? मूळ यंत्राचा मेंदू सेकंदाला सुमारे १८ लाख ठोक्यांचा आणि कामापुरती स्मृती अवघी २ किलोबाइट. त्याची भाषाच वेगळी. ती एकेक आज्ञा वाचून नव्या यंत्राच्या भाषेत उतरविणारी प्रणाली लागते. तिला एम्युलेटर म्हणतात. मी त्याला दुभाषी म्हणेन. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरले आणि १६१६ साली त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. तारणाचा इतिहास त्यांनी ओवीत आणला. ओवी इथली, वार्ता मूळचीच. चांगला दुभाषी स्वतःचे काही घुसडीत नाही आणि मुळातले काही गाळीत नाही.

या कामात सातव्या आज्ञेचा प्रश्न आला, आणि तो त्या तरुणानेच काढला याचे मला समाधान वाटते. दुभाषी प्रणाली बनविणे हा गुन्हा नव्हे. सोनी आणि कनेक्टिक्स यांच्या खटल्यात अमेरिकेच्या अपील न्यायालयाने २००० साली त्याच दिशेने निर्णय दिला. खेळाची गोष्ट निराळी आहे. मारिओ १९८५ सालचा असला तरी त्याचा प्रताधिकार अजून संपलेला नाही. “फादर, पण एवढे जुने खेळ आता कोण विचारतो?” असे त्याचे मित्र म्हणाले. मालक विचारीत नाही म्हणून वस्तू आपली होत नाही, हे मी त्यांना सांगितले. शेवटी, ज्यांच्या कर्त्यांनी स्वखुशीने मोफत दिले आहेत असेच खेळ त्याने पेटीत घातले. हौशी मंडळी त्या जुन्या यंत्रासाठी आजही नवे खेळ लिहितात, हे मला तेव्हाच कळले.

मला अधिक विचार करावयास लावले ते त्याच्या आईने. पेटी सुरू झाली तेव्हा शेजारपाजारचे कौतुक करू लागले. कोणी म्हणाले, “माणसाचंही असंच असतं. आत्मा तोच, पेटी बदलते.” ती माउली गप्प राहिली. नंतर मला म्हणाली, “फादर, इथं तर उलटं झालं. पेटी त्यांनी आणलेली, आतलं सगळं परकं. मग ह्यात त्यांचं काय राहिलं? आणि त्यांचं तरी काय राहिलं?”

देह हे वस्त्र आणि आत्मा ते बदलणारा, ही उपमा आपल्या भोवतालच्या समाजात खोल रुजलेली आहे. तिच्यामागे मोठी परंपरा आहे. तिचा अनादर नको. मात्र आपली श्रद्धा तसे सांगत नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी शिकविले की, आत्मा पेटीत ठेवलेल्या यंत्रासारखा देहात राहत नाही. देहाला जिवंत मानवी देह करणारे तत्त्व तेच. १३१२ साली व्हिएनच्या धर्मपरिषदेने हीच शिकवण उचलून धरली. म्हणूनच संत थॉमस एकटा आत्मा म्हणजे पूर्ण माणूस मानीत नाहीत. आपण दर रविवारी आत्म्याच्या अमरत्वावर थांबत नाही, पुनरुत्थानावरचा विश्वास उच्चारतो. भट्टीच्या धगीने काळवंडलेले ते हात, मुलाशेजारी बसलेला तो खांदा, हे फेकून द्यावयाचे वेष्टन नव्हते. ते तेच होते. देव त्यांना उठवील, त्यांची नक्कल चालविणार नाही.

हे सारे मी तिला इतक्या शब्दांत सांगितले नाही. एवढेच म्हणालो, “बाई, पेटीत ते नाहीत. पेटीत त्यांची आठवण आहे. ते देवाजवळ आहेत, आणि ज्या देहाचं तुम्हाला शेवटचं दर्शन झालं नाही, तो देह देव विसरलेला नाही.” त्यावर ती बराच वेळ रडली. त्या दफनानंतर ती मोकळेपणी रडल्याचे मुलाने पाहिले नव्हते.

मुलाने जुनी पट्टी भंगारात दिली नाही. आईने ती फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवली आहे. व्यवहाराच्या दृष्टीने तिची किंमत शून्य आहे. तरी ती ठेवण्यात मला काही गैर दिसत नाही. प्रेम वस्तूंना धरून राहते, कारण आपण देहधारी आहोत. ज्या देवाने स्वतः देह धारण केला, त्याला हे समजते.

वाचकहो, घरातली जुनी वस्तू भंगारवाल्याच्या काट्यावर चढविण्यापूर्वी ती कोणी आणली होती, हे मुलांना अवश्य सांगा. ठेवा अथवा देऊन टाका; पण सांगा. आणि २ नोव्हेंबरला दफनभूमीत मेणबत्ती लावताना, महामारीच्या त्या वर्षी घाईघाईने पुरलेल्यांच्या कबरींपाशी थोडे अधिक थांबा. तिथे अनेकांची प्रार्थना अपुरी राहिली आहे.