चिखलातली पंगत

मराठी भाषेने बगळ्यावर मोठा अन्याय केला आहे. ढोंगी माणसाच्या ध्यानाला आपण बकध्यान म्हणतो. आणि पंचतंत्रातला खेकडा बगळ्याची मान तोडतो तेव्हा वर्गातली सारी पोरे टाळ्या पिटतात. या बिचाऱ्याची बाजू मांडायला कुणीतरी उभे राहिले पाहिजे. माझी शाळा उजनीच्या फुगवट्याकाठी, भिगवणच्या अंगाला आहे. अशिलाची नि माझी गाठ रोजच पडते. तेव्हा हे वकीलपत्र मीच घेतो.

बगळा उभा राहतो तो पोटासाठी. त्याची सारी भिस्त डोळ्यांवर. पाणी हलले की मासा पळतो, म्हणून तो हलत नाही. एका पायावर उभे राहण्यातही तप नाही. दुसरा पाय पोटाच्या पिसांत घेतला की अंगातली ऊब कमी जाते, इतकेच. आणि मुलांनो, तुम्हांला वाटते की त्याचा गुडघा उलटा वाकतो. तो गुडघा नव्हेच, तो घोटा! गुडघा वर, पोटाजवळच्या पिसांत झाकलेला असतो. म्हणजे ही सारी पाखरे जन्मभर चवड्यांवर चालतात.

पाणी ओसरू लागले की आमच्या काठावर चिखल उघडा पडतो, आणि मग जी पंगत बसते ती पाहावी. लगीनघरातल्या पंगतीत शेजारच्याच्या पानावर डोळा ठेवणारे पुष्कळ. इथे तशी फारशी सोयच नाही. ज्याची चोच जेवढी, त्याचे पान तेवढ्या खोलीवर मांडलेले. तुतवार काठाकाठाने शेपटी नाचवीत वरवरचे किडे टिपतो. शेकाट्या आपल्या लांब गुलाबी पायांनी जरा आत शिरतो. पाणटिवळ्याची चोच लांब. तिच्या टोकाला स्पर्शाची अशी जाण, की चिखलातला न दिसणारा किडाही तिला कळतो. चमच्या आपली चपटी चोच किंचित उघडी ठेवून पाण्यात डावीउजवीकडे फिरवतो. काही लागले की चोच मिटते. चित्रबलाकाची रीतही तशीच. इंदापूरच्या चिंचांवर त्याची घरटी असतात.

सर्वांत मजेचे जेवण रोहिताचे. हा मान खाली घालून डोके चक्क उलटे करतो. जिभेने पाणी आत ओढायचे, बाहेर लोटायचे; चोचीच्या कडांना बारीक झालर असते, तिच्यात शेवाळ नि सूक्ष्म जीव अडकतात. पिसांचा गुलाबी रंगही त्याच अन्नातून येतो. आपण सणाला रंग विकत आणतो. हा आपला रंग खाऊन मिळवतो.

यांतले कित्येक पाहुणे फार दुरून येतात. त्यांच्या प्रवासाची कल्पना यावी म्हणून पाणटिवळ्याच्या एका भाऊबंदाची हकीकत सांगतो. २०२२ साली, जेमतेम पाच महिन्यांचे एक पिल्लू अलास्काहून निघाले आणि कुठेही न उतरता अकरा दिवसांत टास्मानियाला पोचले. अंतर सुमारे १३,५६० किलोमीटर! एवढ्या वाटचालीची शिदोरी म्हणजे निघण्यापूर्वी चिखलात पोटभर खाल्लेले अन्न. ज्या जागेला आपण 'नुसता चिखल' म्हणतो, ती अशा पाखरांची शिदोरी बांधणारी जागा असते.

माझी आजी मात्र या पाखरांचे कौतुक करीत नसे. उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले आणि भीमेचे पाणी तिच्या गावावरून, शेतावरून गेले. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. पुण्यामुंबईची मंडळी दुर्बिणी घेऊन येत, तेव्हा ती म्हणे, "आमच्या जोंधळ्याच्या रानात ही पाखरं चरत्यात, आन् लोक पैसं दिऊन बघाया येत्यात!" यावर मला कधी उत्तर सुचले नाही.

एका उन्हाळ्यात पाणी फार आटले. पळसदेवाचे बुडालेले जुने देऊळ उघडे पडले. आजी म्हणाली, "मला रान दाव." मी तिला घेऊन गेलो. भेगाळलेल्या गाळातून ती काठी टेकीत चालली होती. कुठला तरी बांध शोधत होती. तोच एक टिटवी ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागली. पुढे दगडगोट्यांत, नुसत्या खळगीत, मातीच्या रंगाची चार अंडी. मी नीट पाहायला वाकलो.

"मागं फीर," आजी म्हणाली. "तिचं घर हाय. उठवू नगंस."

आणि तिने वाट बदलली. बांध तिला सापडला नाही. त्यानंतर पाखरांविषयी ती काही वाईट बोलल्याचे मला आठवत नाही.

पाणथळ जागांना आता थोडा मान मिळू लागला आहे. २०२० साली नांदूर मधमेश्वर आणि २०२२ साली ठाण्याची खाडी या जागांची नावे रामसरच्या जागतिक यादीत गेली. तरीही २०२४ च्या मे महिन्यात घाटकोपरजवळ एका विमानाच्या धडकेने ३९ रोहित मेले. आमच्या फुगवट्यातही पुण्याकडचे सांडपाणी येतेच. गावोगावची डबकी, तळी, खाजणे तर 'पडीक' या एका शब्दाखाली भराव घालून बुजवली जातात. त्या शब्दाची मला भीती वाटते. आमचे जुने गाव बुडाले, पण निदान त्याला नाव होते.

फराळ आटोपला की मुलांना घेऊन जवळच्या तळ्यावर जा. नाव करून आत गेलात, तर नावाड्याला इंजिन लांबच बंद करायला सांगा. थव्याने माना वर केल्या की समजा, आपण फार जवळ आलो, तिथेच थांबा. पंगत बसलेली असताना मधून कुणी जात नाही, एवढी रीत आपल्या घरात सगळ्यांना ठाऊक आहेच.