हॉस्पिटलला जायची गरज नाही

मागच्या रमज़ानमध्ये मला एक फोन यायचा. बरोबर इफ्तारच्या आधी, भजी तळत असताना. पलीकडची मुलगी फार गोड बोलायची. "मॅडम, तुमचं जीएनएम झालंय ना? मग बीएस्सी नर्सिंग घरबसल्या करा. क्लास मोबाइलवर, परीक्षा ऑनलाइन, हॉस्पिटलला जायची गरज नाही." पहिला हप्ता १५ हजार. जागा दोन दिवसच शिल्लक. त्या दोन दिवसांचे पुढे तीन आठवडे झाले.

मी मिरजेत एका खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत स्टाफ नर्स आहे. अकरा वर्षं झाली. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वान्लेस डॉक्टरांनी इथं मिशन हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून पेशंट गाडीनं उतरतायत ते आजवर. इथं नर्सला काम मिळतं, पण पुढं सरकायचं तर पदवी लागते. गेल्या वर्षी आमच्याकडे इंचार्ज म्हणून जी सिस्टर आली, तिला आर्टेरियल लाइन कशी सांभाळायची हे मीच दाखवलं होतं. मुलगी चांगली आहे, तिच्यावर राग नाही. तिच्याकडे बीएस्सी आहे, माझ्याकडे नाही, एवढंच. शिवाय मला शिकवायची हौस आहे, आणि नर्सिंगच्या शाळेत शिकवायचं तर डिप्लोमा चालत नाही.

म्हणून ते 'घरबसल्या' मला फार आवडलं. खरं कारण लिहायला थोडी लाज वाटते. त्या कोर्ससाठी मला घरात कुणालाच काही विचारावं लागणार नव्हतं. पोळ्या, मुलीचा अरबीचा क्लास, सासूबाईंची शुगर, माझ्या नाइट, सगळं जसंच्या तसं चाललं असतं आणि एक दिवस मी पदवीधर झाले असते. माझ्या एका बांगडीचे पैसे मी बाजूला काढलेही होते.

ते पैसे वाचले एका राइल्स ट्यूबमुळे. नाइटला नवीन मुलगी होती. आजोबांच्या नाकातून नळी घालत होती आणि ते खोकून खोकून लाल झाले होते. तिला सगळं पाठ होतं. नाकापासून कानापर्यंत, तिथून छातीच्या हाडाच्या टोकापर्यंत माप घ्यायचं, हेही तिनं बरोबर सांगितलं. पण नळी घशाशी आली की क्षणभर थांबून "आजोबा, गिळा" म्हणायचं आणि ते गिळतात त्याच क्षणी ती पुढं सरकवायची, हे तिच्या हाताला माहीत नव्हतं. मी तिचा हात धरला. दुसऱ्या खेपेला नळी गेली. हँडओव्हर देऊन बाहेर पडले तेव्हा डोक्यात त्या फोनवालीचं वाक्य फिरत होतं: हॉस्पिटलला जायची गरज नाही.

पुढच्या फोनला मी विचारलं, "प्रॅक्टिकल कुठं होणार? आणि ही पदवी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदवता येईल का?" ती म्हणाली, "मॅडम, सरांना विचारून सांगते." त्यानंतर फोन आला नाही.

मग जे आधीच करायला हवं होतं ते केलं, नियम वाचले. यूजीसीच्या २०२० च्या नियमांत दूरशिक्षणानं किंवा ऑनलाइन चालवता न येणाऱ्या विषयांत नर्सिंगचं नाव स्पष्ट आहे. कौन्सिलनं न मानलेली पदवी भिंतीवर लावायला ठीक, तिच्यावर ना बढती मिळते ना शिकवता येतं. खरे रस्ते दोनच दिसले. एक म्हणजे पोस्ट बेसिक बीएस्सी, कॉलेजात रोज जाऊन दोन वर्षं. दुसरा इग्नूचा पोस्ट बेसिक. तो नोकरीत असलेल्या, नोंदणी झालेल्या नर्ससाठीच आहे. किमान तीन वर्षं, आधी प्रवेश परीक्षा, पुस्तकं घरी वाचायची, पण प्रात्यक्षिकांना केंद्रावर जाऊन हजेरी सक्तीची.

तिसराही रस्ता आहे, तो कुठं छापलेला नसतो. एका ओळखीच्या सिस्टरनं सांगितलं की अमुक कॉलेजात फी भरली की हजेरीचं 'बघतात'. आठ दिवस मी त्याचाही विचार केला. रोज ड्युटीवर जाता जाता हिशोब मांडायचे. रोजा ठेवून असले हिशोब चालले होते, हे आठवलं की अजून कसंतरी होतं.

आमच्याकडे मीलादच्या बयानात रुफैदा अल-असलमियांचं नाव मोठ्या अभिमानानं घेतात. खंदकच्या लढाईत जखमी झालेल्या साद बिन मुआज़ यांना मदीनेच्या मशिदीजवळ त्यांच्याच तंबूत ठेवलं होतं. बयान ऐकणारे 'सुब्हानल्लाह' म्हणतात, आणि तेच लोक मुलासाठी स्थळ बघताना विचारतात, "मुलगी नाइट ड्युटी करते का?" माझ्या लग्नातही विचारलं होतं. सासूबाईंनीच. त्यामुळे तीन वर्षांची गोष्ट त्यांच्यापुढं काढायला मला ईदनंतरचे पंधरा दिवस लागले.

कॉलेजचा रस्ता आपोआप बाद झाला. दोन वर्षं बिनपगारी राहणं आम्हाला झेपत नाही, आणि दिवसा कॉलेज, रात्री ड्युटी केलेली एक मैत्रीण औषध भरलेली सिरिंज हातात घेऊन उभ्या उभ्या झोपलेली मी पाहिली आहे. राहिला इग्नू. मला सोयीचं पडणारं केंद्र दुसऱ्या जिल्ह्यात आहे. म्हणजे पहाटेची बस, साठवलेल्या रजा, आणि घरात मी नसताना कुणीतरी.

जेवताना सांगितलं. हे म्हणाले, "प्रॅक्टिकलच्या दिवशी दुकान दुपारनंतर उघडतो." इतकं पटकन म्हणाले की यांना नीट कळलंय का, अशी मला शंका आली, म्हणून पुन्हा सांगितलं. सासूबाई ताटाकडे बघत म्हणाल्या, "तीन साल? बच्ची को कौन देखेगा?" आणि उठून गेल्या. दोन दिवस बोलल्या नाहीत. मीही नाही.

आता फॉर्म भरून तयार आहे. अनुभवाच्या दाखल्यावर हॉस्पिटलची सही व्हायची आहे, साहेब 'उद्या' म्हणतायत. फी तीच, बांगडीची. परवा रात्री अभ्यासाचं पुस्तक घेऊन बसले होते, तेव्हा सासूबाई पाण्याची बाटली ठेवायला आल्या. जाता जाता दारात थांबल्या.

"फॉर्मला फोटो लागतो का गं?"

"हो अम्मी."

"मग तो जुना देऊ नकोस. ओढणी नीट घेऊन नवा काढ."